गाडीचे डोळे, गाडीचा मेंदू आणि मधली तार



गेल्या काही वर्षांत मोटारींच्या जाहिरातींत 'एडास' हा शब्द वारंवार दिसू लागला आहे. चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणा, असा त्याचा साधा अर्थ. पुढची गाडी अचानक थांबली तर आपोआप ब्रेक लावणे, गाडी आपला पट्टा सोडून सरकू लागली तर स्टीअरिंग हलकेच ओढून तिला आत आणणे, मागे घेताना अडथळा आला की पीं-पीं करणे, ही त्यांची कामे. जाहिरातीत कॅमेरे किती, रडार किती, याची मोजदाद असते. गाडीला डोळे किती, हे त्यावरून कळते. पण डोळ्याने पाहिलेले ब्रेकपर्यंत कसे पोचते, किती वेळात पोचते आणि वाटेत हरवले तर काय होते, हे जाहिरातीत नसते. मी या लेखात त्या मधल्या वाटेविषयी लिहिणार आहे. शिकण्यासारखे विज्ञान तिथे आहे आणि धोकाही बराचसा तिथेच आहे.

आधी शब्दांविषयी थोडे. माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे फ्रीक्वेन्सीला माझ्या तोंडी 'आवृत्ति' येते आणि वेव्हलेंग्थला 'तरंगदैर्घ्य'. मराठी पुस्तकांत 'वारंवारता' आणि 'तरंगलांबी' असे शब्द आहेत. आपल्या इंदूरच्या मुलांना दोन्ही जोड्या ठाऊक असलेल्या बऱ्या. सेन्सरसाठी 'संवेदक' हा चांगला शब्द आहे, पण गॅरेजमध्ये तो कोणी वापरत नाही, म्हणून येथेही सेन्सरच लिहितो.

सर्वांत साधा सेन्सर आपल्यापैकी अनेकांच्या गाडीच्या मागच्या बंपरात आहे. नाण्याएवढ्या त्या गोल चकत्या. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना त्या सक्तीच्या झाल्या. चकतीतून सुमारे ४० किलोहर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी बाहेर पडतो. माणसाच्या कानाची मजल २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणून आपल्याला तो ऐकू येत नाही. ध्वनी अडथळ्यावर आदळून परत येतो. हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. अडथळा एक मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद. आतला छोटा संगणक वेळ मोजतो, वेगाने गुणतो आणि दोनने भागतो. नववीच्या 'ध्वनी' या पाठातले हे गणित.

आपल्या प्रयोगशाळेत नववीच्या मुलांनी असाच एक सेन्सर टेबलावर लावून पाहिला. भिंतीचे अंतर जवळजवळ सेंटिमीटरपर्यंत बरोबर आले. मग भिंतीपुढे लोकरीचा जाड स्वेटर टांगला, तेव्हा आकडा उड्या मारू लागला. पुठ्ठा तिरका धरला तेव्हा प्रतिध्वनी भलतीकडेच गेला. मऊ वस्तू ध्वनी शोषून घेते, तिरकी वस्तू तो दुसरीकडे वळवते, बारीक खांब फारच थोडा परत पाठवतो. हिवाळ्यात स्वेटर घातलेले एखादे लहान मूल गाडीमागे वाकून बुटाची नाडी बांधत असेल तर? पालकांनी हे वाक्य कृपया पुन्हा वाचावे. शाळा सुटताना फाटकापाशी गाडी मागे घेऊ नये, हा आपला नियम सेन्सर असलेल्या गाड्यांनाही लागू आहे तो यासाठीच.

या सेन्सरची जोडणी सोपी असते. तारा एका डबीत जातात, डबी भोंगा वाजवते, काम संपले. पण आपोआप ब्रेक लावायचा असेल तर पुढे काय आहे हे कॅमेरा आणि रडारला कळले पाहिजे, आपला वेग चाकांवरच्या सेन्सरना, स्टीअरिंग किती वळले आहे ते तिसऱ्याला, आणि ब्रेक दाबणारा संगणक तर आणखी वेगळा. गाडीत पक्क्या बसवलेल्या या छोट्या संगणकांना 'ई.सी.यू.' म्हणतात. मोठ्या गाडीत ते पन्नासाहून अधिक असतात. प्रत्येकाला प्रत्येकाशी स्वतंत्र तारेने जोडायचे म्हटले तर किती जोडण्या होतील? दहावीच्या मुलांनी हस्तांदोलनाचे गणित आठवावे. 'न' जण असतील तर न × (न − १) ÷ २. वीस संगणकांना १९०, पन्नासांना १२२५. एवढ्या तारांचे वजनच गाडीला जड होईल, आणि बिघाड शोधणाऱ्या मेकॅनिकची अवस्था विचारूच नका.

यावर जर्मनीच्या बॉश कंपनीतील अभियंत्यांनी १९८३ पासून काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे वाहन अभियंत्यांच्या परिषदेत ते मांडले. त्या पद्धतीचे नाव 'कॅन'. एकमेकींभोवती पिळलेल्या फक्त दोन तारा गाडीभर फिरवायच्या आणि सर्व संगणक त्यांनाच जोडायचे. आज चाळीस वर्षांनंतरही तुमच्या-आमच्या गाडीत त्या आहेत.

दोन तारा का, हे समजून घ्या. एका तारेचे नाव 'हाय', दुसरीचे 'लो'. विश्रांतीत दोन्ही सुमारे २.५ व्होल्टवर असतात, तेव्हा फरक शून्य. संदेशातला '०' पाठवताना हाय ३.५ वर चढते आणि लो १.५ वर उतरते, फरक २ व्होल्ट. ऐकणारा संगणक फक्त हा फरक पाहतो. आता इंजिनाच्या ठिणगीमुळे तारांत नको असलेले अर्धा व्होल्ट घुसले असे धरा. तारा एकमेकींना पिळलेल्या असल्याने ते दोघींत जवळजवळ सारखेच घुसते. हाय ४ झाली, लो २ झाली, फरक पुन्हा २ च! गोंगाट आपोआप वजा झाला. इतकी साधी वजाबाकी, पण तिच्यावर माणसाचा जीव टांगलेला आहे.

या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लावलेला असतो, नाहीतर संकेत टोकावरून परावर्तित होऊन पुढच्या संकेतात मिसळेल. जाणकार ऑटो-इलेक्ट्रिशियन बॅटरी काढून या दोन तारांमध्ये मीटर लावतो. साठ ओहम आले तर ठीक, एकशेवीस आले तर कुठेतरी एक टोक सुटले आहे. साठच का, ते दहावीच्या मुलांनी सांगावे.

आता खरी गंमत. सगळे एकाच तारेवर बोलणार, मग दोघे एकदम बोलले तर? वर्गात असे झाले की कोणाचेच ऐकू येत नाही. कॅनमध्ये प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो आणि तो क्रमांक सर्वांत आधी, एकेक बिट करून पाठवला जातो. नियम एकच: कोणी '०' आणि कोणी '१' एकदम पाठवला तर तारेवर '०' उमटतो. खरा क्रमांक ११ बिटांचा असतो, आपण समजण्यासाठी चारच घेऊ. ब्रेकचा संदेश ००११, स्टीअरिंगचा ०१०१, वातानुकूलनाचा ११००. तिघे एकदम सुरू झाले. पहिला बिट: ०, ०, १. तारेवर ० उमटला. वातानुकूलनाने १ पाठवला होता आणि त्याला ० दिसला, म्हणून तो गप्प बसला. दुसरा बिट: ब्रेकचा ०, स्टीअरिंगचा १. तारेवर ०, स्टीअरिंग गप्प. ब्रेकचा संदेश पुढे चालू राहिला. त्याचा एकही बिट खराब झाला नाही, क्षणही वाया गेला नाही. बाकीचे त्याचे संपल्यावर पुन्हा प्रयत्न करतात. ज्याचा क्रमांक लहान त्याचा मान आधी. म्हणून गाडीची आखणी करताना कोणाला कोणता क्रमांक द्यायचा, हा निर्णय फार विचाराने घ्यावा लागतो.

आणखी एक शिस्त आहे. प्रत्येक संदेशाच्या शेवटी १५ बिटांची एक पडताळणी संख्या असते. ऐकणाऱ्यांपैकी एकाचाही हिशेब जुळला नाही तर तो लगेच हरकत घेतो आणि संदेश पुन्हा पाठवावा लागतो. चुका होतील तसे बोलणाऱ्याच्या खात्यात गुण चढतात. ते २५५ च्या वर गेले की तो स्वतःहून तारेवरून बाजूला होतो, म्हणजे बिघडलेला एक संगणक बाकीच्यांना बोलू न देणारा राहत नाही. (अशी सोय सभा-बैठकांत असती तर आमची कितीतरी कामे वेळेत झाली असती, असे विश्वस्त मंडळींच्या परवानगीने म्हणतो.)

या पद्धतीत एक उणीवही आहे. संदेशात क्रमांक असतो, पाठवणाऱ्याची सही नसते. ब्रेकच्या क्रमांकाचा संदेश खरेच ब्रेककडून आला का, हे मूळ कॅन विचारत नाही. १९८६ मध्ये गाडी बाहेरच्या जगाशी जोडलेली नव्हती, त्यामुळे ते चालून गेले. २०१५ मध्ये अमेरिकेतील चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी जीप चेरोकी गाडीच्या गाण्यांच्या आणि नकाशाच्या यंत्रणेतून, मोबाइल जाळ्यामार्फत, दूर बसून आत शिरून दाखवले आणि चालत्या गाडीवर ताबा मिळवला. त्यानंतर कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. आता मनोरंजनाची तार आणि ब्रेकची तार यांच्यामध्ये एक चौकीदार संगणक बसवतात आणि महत्त्वाच्या संदेशांना गुप्त खूण जोडतात.

आता कॅमेऱ्याकडे वळू. समजा चित्राची रुंदी १२८० ठिपके, उंची ९६० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला १२ बिट, सेकंदाला ३० चित्रे. गुणाकार करा. सेकंदाला ४४ कोटींहून अधिक बिट होतात. कॅनची मूळ कमाल मर्यादा सेकंदाला १० लाख बिट. एका कॅमेऱ्यासाठी अशा चारशेच्या वर तारजोड्या लागतील! म्हणून कॅमेऱ्याची कच्ची चित्रे कॅनवर कधीच जात नाहीत. एकतर काचेमागच्या डबीतच संगणक बसवून चित्र तिथल्या तिथे तपासतात, नाहीतर जाड आवरणाच्या खास तारेने ते मोठ्या संगणकाकडे नेतात. २०१५ मध्ये इथरनेटचा एक प्रकार प्रमाणित झाला. त्यात एकाच पिळलेल्या तारजोडीतून सेकंदाला १० कोटी बिट जातात. पुढे त्याचे आणखी वेगवान प्रकार आले. कॅनवर जातो तो फक्त निष्कर्ष: 'समोर वाहन, ४० मीटर, सेकंदाला ५ मीटरने जवळ येत आहे.' एवढे ८ बाइटांत मावते. जुन्या कॅनच्या एका संदेशात मावतातच मुळी ८ बाइट.

रडारचे काम वेगळे. ते सुमारे ७७ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडते. तरंगलांबी जेमतेम ४ मिलिमीटर. परत आलेल्या लहरीच्या वारंवारतेतील फरकावरून, म्हणजे डॉपलर परिणामावरून, समोरची वस्तू किती वेगाने जवळ येते ते थेट कळते. धुके, रात्र यांचा त्याला फारसा अडसर नाही. पण समोर म्हैस आहे की हातगाडी, हे त्याला नीट सांगता येत नाही. कॅमेऱ्याला आकार ओळखता येतो, पण अंतराचा अंदाज तेवढा पक्का नसतो आणि मावळतीचा सूर्य समोर आला की तो दिपतो. म्हणून दोघांची साक्ष एकत्र घेतात.

साक्षीदार दोन असले की वेळ जुळली पाहिजे. गाडी ताशी १०० कि.मी. वेगाने जात असेल तर सेकंदाला २७.८ मीटर कापते. कॅमेऱ्याचा निष्कर्ष रडारपेक्षा ०.१ सेकंद शिळा असेल, तर दोघांत २.८ मीटरचा फरक पडतो. उभ्या वस्तूच्या जागी संगणकाला दोन वस्तू दिसू शकतात, किंवा कोणाचे खरे मानावे हेच ठरत नाही. म्हणून प्रत्येक मोजणीवर वेळेचा शिक्का मारतात आणि सर्व संगणकांची घड्याळे तारेवरूनच एकमेकांशी जुळवत राहतात. मोजणी कितीही अचूक असो, ती कधीची आहे हे ठाऊक नसेल तर तिचा उपयोग नाही.

जागेचेही तसेच. काच बदलताना कॅमेरा फक्त एका अंशाने वळला, तर ५० मीटरवर किती चूक होईल? ५० गुणिले एका अंशाचे टॅन, म्हणजे सुमारे ८७ सेंटिमीटर. शेजारच्या पट्ट्यातला स्कूटरवाला आपल्या पट्ट्यात दिसायला एवढे पुरे. म्हणून ज्या पालकांच्या गाडीत काचेमागे कॅमेरा आहे, त्यांनी काच बदलल्यावर कॅमेऱ्याची पुन्हा जुळणी करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये, मग ती कितीही घाईची वेळ असो. तसेच पुढच्या रडारवर धातूचे गार्ड किंवा जाड स्टिकर लावू नये.

सेन्सर उत्तम असूनही जोडणी चुकली तर काय होते, याचे एक उदाहरण जगाने पाहिले आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेंपी गावी, उबर कंपनीची स्वयंचलित गाडीची चाचणी चालू होती. मूळ गाडी व्होल्व्हो, तिच्यावर उबरने आपले सेन्सर आणि संगणक चढवलेले. एक महिला सायकल हाती धरून रस्ता ओलांडत होती. गाडीच्या धडकेने तिचा मृत्यू झाला. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दिसले की धडकेच्या ५.६ सेकंद आधीच रडारने तिला टिपले होते. गाडीचा वेग ताशी सुमारे ७० कि.मी., म्हणजे शंभर मीटरहून अधिक अंतर हाती होते. त्या वेगात जोराने ब्रेक लावला तर तीसेक मीटरमध्ये गाडी थांबते. म्हणजे डोळे ठीक होते.

पण संगणक तिला कधी वाहन समजे, कधी सायकल, कधी 'इतर'. आणि दर वेळी ओळख बदलली की तिच्या आधीच्या हालचालीची नोंद टाकून दिली जाई. त्यामुळे ती आपल्या वाटेत येत आहे हा हिशेब लागेना. टक्कर होणार हे संगणकाला उमगले तेव्हा १.२ सेकंद उरले होते. त्यातही खोट्या धोक्याने उगाच ब्रेक लागू नये म्हणून एक सेकंद थांबण्याची सूचना त्याला दिलेली होती. सीटवर बसलेल्या चालक व्यक्तीची नजर रस्त्यावर नव्हती.

या अहवालातील एक बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मूळ व्होल्व्हो गाडीत आपोआप ब्रेक लावणारी स्वतःची यंत्रणा होतीच. उबरची यंत्रणा चालू झाली की ती बंद होत असे. कारणे दोन होती. दोन्हींची रडारे एकाच वारंवारतेवर चालत, त्यामुळे संकेतांची सरमिसळ होण्याची भीती. आणि ब्रेकच्या संगणकाला दोन ठिकाणांहून हुकूम आले तर कोणाचा आधी मानावा, हे ठरवून दिलेलेच नव्हते. व्होल्व्होने नंतर संगणकावर त्या प्रसंगाच्या वीस आवृत्त्या करून पाहिल्या. मूळ यंत्रणा चालू असती तर त्यांपैकी सतरांत टक्कर टळली असती. वर ब्रेक आणि स्टीअरिंग यांच्या संदेशांचे जे उदाहरण दिले, त्यात कोणाचा मान आधी हा प्रश्न चार बिटांत सुटला होता. येथे तोच प्रश्न सोडवण्याऐवजी एक तारच बाजूला ठेवली गेली. अपघातानंतर उबरने रडारची वारंवारता वेगळी केली आणि ब्रेकच्या हुकमांचा क्रमही ठरवला.

आपल्याकडे बाजारात ज्या गाड्या मिळतात त्या स्वयंचलित नाहीत. त्यांतील यंत्रणा साहाय्यक आहेत, जबाबदारी चालकाचीच. आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' हे वाहन-चाचणी केंद्र आहे. तेथील ११.३ कि.मी.चा वेगमार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. तो पाहण्यासारखा आहे, पण त्यावर रेषा स्वच्छ आखलेल्या आणि मध्ये वरात नाही! आपल्या गल्लीत पट्ट्यांच्या रेषा पुसलेल्या, गाय मध्ये बसलेली आणि रिक्षा उलट दिशेने येणारी. कॅमेऱ्याला रेषाच दिसली नाही तर पट्टा सांभाळणारी यंत्रणा मुकाट्याने रजेवर जाते. पडद्यावरची छोटी खूण हिरवीची करडी होते, एवढेच. ती खूण ओळखायला गाडीचे पुस्तक उघडावे लागते. अनेक जण ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच काढत नाहीत. सारखी पीं-पीं होते म्हणून सूचनाच बंद करून ठेवणारेही मला भेटले आहेत. तार त्यांनी स्वतःच्याच हाताने तोडली, असे मी म्हणेन.

आठवी ते दहावीच्या मुलांनी पुढील गणिते वहीत करून शनिवारी प्रयोगशाळेत दाखवावीत. गाडी ताशी ५४ कि.मी. वेगाने जात आहे. रडारने टिपल्यापासून ब्रेक धरेपर्यंत एकूण ०.३ सेकंद लागले, तर तेवढ्यात ती किती मीटर पुढे गेली? ०१००, ००१० आणि ०११० हे तीन संदेश एकदम सुरू झाले, तर कोणता कितव्या बिटाला गप्प बसेल? १२० ओहमचे दोन रोध समांतर जोडल्यावर किती होतात, आणि कोणी चुकून तिसराही लावला तर मीटर किती दाखवील? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आकृतीसह हवे. वडिलांना किंवा काकांना विचारायला हरकत नाही, पण आकृती स्वतः काढावी.